माझी सिस्टर सिस्टर आहे

"माझी सिस्टर सिस्टर आहे," हे वाक्य मी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं बोलत आलो आहे, आणि ते पहिल्या फटक्यात समजलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. "कुठल्या दवाखान्यात?" हा पहिला प्रश्न. "दवाखान्यात नाही, कॉन्व्हेंटात." "मग टीचर म्हणा की!" "टीचर नाही. म्हणजे मध्यंतरी काही वर्षं होती, पण मुळात सिस्टर." एवढ्यात समोरच्याच्या डोक्यात उजेड पडतो. मग तो आवाज खाली आणून, घरात कुणी गेल्याची चौकशी करावी तसा विचारतो,

"म्हणजे... लग्न नाही केलं?"

"नाही."

"अरेरे! का हो?"

आमच्या थोरलीनं लग्न केलं तेव्हा तिला "का हो?" असं कुणी विचारलं नव्हतं. खरं तर तेव्हाच विचारायला हवं होतं. पण ते असो.

वर्तमानपत्र वाचणाऱ्या मराठी माणसाला 'पाचारण' हा शब्द ठाऊक असतो. आग लागली की अग्निशामक दलाला पाचारण करतात, चोरी झाली की श्वानपथकाला. आम्हा ख्रिस्ती मंडळींत मात्र पाचारण देवाकडून होतं. ज्याला किंवा जिला ते होतं तो फादर होतो, ती सिस्टर होते. १९७८ च्या मे महिन्यात आमची आई भाकऱ्या थापत होती. धाकटी तिच्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, मला पाचारण झालंय."

आई म्हणाली, "कुठं आग लागली?"

आग तशी सहा वर्षांपूर्वीच लागली होती. आमच्या नगर जिल्ह्याला दुष्काळाचं नवल नाही, पण १९७२ चा दुष्काळ वेगळाच होता. विहिरींनी तळ दाखवले. श्रीरामपूर तालुक्यातली आमच्यासारखी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी यांवर आम्ही ते वर्ष काढलं. आमच्या कामावर आठवड्यातून दोनदा एक सिस्टर सायकलवरून यायची. अंगावर पांढरी साडी, मागे कॅरिअरला औषधांची पेटी. खडीनं फुटलेली बोटं ती धुवायची, बांधायची आणि पुन्हा सायकलवर बसून धुळीत दिसेनाशी व्हायची. बाईमाणसानं सायकल चालवणं आमच्या गावात तेव्हा चमत्कारात जमा होत असे. धाकटी बारा वर्षांची होती. पुढे फादरांना तिनं आपल्या पाचारणाची हकिगत फार सुंदर शब्दांत सांगितली असेल. मला मात्र त्या संध्याकाळी तिनं एवढंच सांगितलं होतं, "दादा, सिस्टर झालं की सायकल मिळते."

देव माणसाला कशानं बोलावील याचा नेम नाही. पेत्राला मासे धरताना जाळ्यातून बोलावलं, माझ्या बहिणीला सायकलच्या कॅरिअरवरून.

वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यामुळे कुठलीही गोष्ट तोलून पाहिल्याशिवाय ते बोलत नसत. थोरलीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटायचं होतं. चार दिवस तोलल्यावर ते म्हणाले, "पोरीचं मन असंल तर आडवायचं कशापायी?" यावर आई जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "बिनहुंड्याचं स्थळ वरून चालून आलं, म्हणून गप बसलात व्हय?" वडील त्या रात्री जेवले नाहीत. आमच्या घरात देवाधर्माची चर्चा पुष्कळ व्हायची, पण धाकटीच्या जाण्यावरून खरी झालेली चर्चा ही एवढीच. तिचं उत्तर वडिलांपाशी नव्हतं आणि माझ्यापाशीही नव्हतं. कारण तिच्या लग्नासाठी पोस्टात दरमहा दहा रुपये टाकायचं काम माझ्याकडे होतं, आणि ती निघाल्यावर माझ्या मनात पहिला विचार त्या पासबुकाचाच आला होता.

कॉन्व्हेंटातून सामानाची यादी आली. दोन चादरी, एक ताट, एक तांब्या, बादली, छत्री आणि पत्र्याची ट्रंक. ट्रंक मी श्रीरामपूरच्या बाजारातून आणली आणि पेंटरकडून तिच्यावर धाकटीचं नाव घालून घेतलं. स्टेशनवर गेलो. आमचं गाव श्रीरामपूर आणि स्टेशनच्या पाटीवर बेलापूर. परगावचे पाहुणे यावरून हमखास गोंधळतात. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आता आमच्या धाकटीचंही असंच होणार. एका नावानं आपण हाक मारणार आणि उतरणारी बाई दुसरीच असणार. (नावं बदलण्याचं आता आम्हाला काही वाटत नाही. २०२४ मध्ये अख्खा जिल्हाच अहमदनगरचा अहिल्यानगर झाला. तरी तोंडात 'नगर' आहे ते आहेच.)

आईला मात्र नावापेक्षा साडीचं दुःख मोठं. पूर्वी सिस्टर लोक पायघोळ झगा घालत. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. धर्मभगिनींच्या पोशाखाचा नव्यानं विचार व्हावा असं तिथे ठरलं, आणि आपल्याकडच्या पुष्कळ संघांतल्या सिस्टर झग्यातून साडीत आल्या. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "रोमच्या लोकास्नी हिकडची रीत काय ठावं? झगा परवडला. लगीन व्हायच्या आधीच पोरीला पांढरं नेसवत्यात!"

आणि मग तिचा ठरलेला सवाल, "आपल्यात आसं कुठं आसतं का?"

मी कचेरीत कारकून असल्यामुळे दाखले देणं हा माझा धंदाच होता. म्हटलं, "आई, अगं आपल्या जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, त्या ज्ञानेश्वरांची मुक्ताबाई. तिनं कुठं लग्न केलं? राहात्याजवळ साकोरीला जा. उपासनी महाराजांच्या आश्रमातल्या कन्या आजन्म ब्रह्मचारिणी राहतात आणि बायका असून वेद म्हणतात, यज्ञ करतात. नगरला आनंदऋषीजींना मानणाऱ्या मारवाडी मंडळींच्या साध्वी बघ, अनवाणी हिंडतात, त्याही पांढऱ्याच कपड्यांत. आणि अमेरिकेहून आलेली ती मिस फरार! नाव फरार, पण बाई कुठे पळाली नाही. १८२७ साली मुंबईत उतरली, १८३९ मध्ये नगरला आली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारली. लग्न नाही, काही नाही. तिची शाळा पाहून जोतिबा फुले परत गेले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ती प्रॉटेस्टंट होती, म्हणून सिस्टर नव्हती एवढंच."

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या समद्या दुसऱ्यांच्या पोरी."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझे सगळे दाखले असे एका वाक्यात कुणी फेटाळले नव्हते.

सिस्टर होणं म्हणजे सकाळी गेलं आणि संध्याकाळी पांढरी साडी नेसून आलं, असं मला वाटत असे. तसं नसतं. आधी काही महिने पाहणी होते. मग नवदीक्षितांच्या घरात एक किंवा दोन वर्षं काढायची. मग पहिली व्रतं, तीही मुदतीची. चर्चच्या कायद्याप्रमाणे निदान तीन वर्षं मुदतीच्या व्रतांत राहिल्याशिवाय कायमची व्रतं घेता येत नाहीत, आणि ही मुदत लांबवायची झाली तर नऊ वर्षांपर्यंत लांबवता येते. एवढ्या काळात बाईला वाटलं तर ती ट्रंक उचलून घरी येऊ शकते, आणि कॉन्व्हेंटला वाटलं तर तेही तिला नमस्कार करू शकतात. आमच्या धाकटीला विचार करायला १९७८ पासून १९८७ पर्यंत नऊ वर्षं मिळाली. माझं लग्न कांदेपोह्यांच्या वीस मिनिटांत ठरलं, आणि त्यातली पंधरा मिनिटं सासरे कारखान्याच्या उसाच्या भावावर बोलत होते. ही तुलना मी एकदा घरात मोठ्यानं केली. पुन्हा केली नाही.

व्रतं तीन असतात : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. यातलं पहिलं मी नोकरीला लागलो त्या दिवशी घेतलं आणि तिसरं लग्नाच्या दिवशी. फरक एवढाच की, मी ती नाइलाजानं पाळतो आणि धाकटी हसून पाळते. तिच्या दारिद्र्याचा मला पहिला फटका भाऊबिजेला बसला. मी मोठ्या ऐटीत पन्नास रुपयांची मनिऑर्डर केली. उलट टपाली तिचं पत्र आलं : "दादा, तुझी ओवाळणी मिळाली. मदरकडे जमा केली. बोर्डिंगातल्या मुलींना त्यातून शेवचिवडा झाला. सगळ्यांनी तुला ओवाळलंय असं समज." मला वाईट वाटलं. मी बहिणीला ओवाळणी घातली होती, सत्तर मुलींना नव्हे. एका चिवड्यात माझी बहीण सार्वजनिक झाली होती.

तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होई. प्रार्थना, चिंतन, मिस्सा, मग न्याहारी, मग काम, दुपारी प्रार्थना, पुन्हा काम, संध्याकाळची प्रार्थना, जपमाळ, जेवण, आणि त्यानंतर अर्धा तास करमणूक. ही करमणूकही सक्तीची! गप्पा मारायला यायचंच, कंटाळा आला म्हणून खोलीत बसायचं नाही. मग रात्रीची प्रार्थना, आणि तिथून सकाळपर्यंत मौन. हे ऐकून आमची सौभाग्यवती म्हणाली, "तुमच्यासाठी असं कॉन्व्हेंट असतं का हो? निदान ते रात्रीचं मौन तरी..."

पहिली नेमणूक झाली तेव्हा मी पत्रात मुद्दाम विचारलं, "सायकल मिळाली का?" उत्तर आलं, "नाही. चूल मिळाली." दोन वर्षं ती सत्तर मुलींच्या भाकऱ्यांवर होती. बरोबरीच्या सिस्टर कुणी केरळच्या, कुणी मंगळूरच्या, कुणी वसईच्या. केरळच्या एका सिस्टरला भाकरी 'तो' की 'ती' हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, पण थापायला मात्र ती आमच्या आईच्या तोडीची शिकली. देव चुलीपाशीही सापडतो असं मोठमोठे संत सांगून गेले आहेत. जनाबाईला तर तो जात्यावर हात लावायला यायचा. धाकटी म्हणाली, "दादा, इथेही येत असेल. पण पीठ मळायच्या वेळेला कधी दिसला नाही."

१९७९ मध्ये मदर तेरेसांना नोबेल पारितोषिक मिळालं आणि गावात आमचा भाव वधारला. सगळ्या सिस्टर एकाच खात्यातल्या, आणि मदर तेरेसा त्यांच्या वरच्या साहेब, अशी लोकांची समजूत झाली. "तेवढा शब्द टाका, पोराला कुठं चिकटवता आलं तर बघा," म्हणत माणसं माझ्याकडे येऊ लागली. तो संघ वेगळा, त्यांच्या साडीला निळे काठ असतात, आमच्या धाकटीची मदर वेगळी, हे सांगून मी थकलो. शेवटी "कळवतो" म्हणू लागलो. कचेरीत हे उत्तर मला सवयीचंच होतं.

मग आलं १९८७. त्याच वर्षी पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा नवा धर्मप्रांत निघाला आणि आमचा सगळा जिल्हा नाशिकला जोडला गेला. म्हणजे नऊ वर्षं पुण्याच्या हद्दीत विचार करून धाकटीनं अखेरची व्रतं घेतली ती नाशिकच्या हद्दीत. सोहळ्याला आम्ही सगळे गेलो. आईच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला ते काय आहे हे ठाऊक होतं. थोरलीच्या लग्नात आईनं दोन हिरव्या साड्या घेतल्या होत्या. एक थोरलीला नेसवली. दुसरी नऊ वर्षं डांबराच्या गोळ्यांत होती आणि दर नाताळच्या आधी उन्हात पडायची. "शेवटच्या घडीला पोरीचं मन फिरलं तर नेसायला काय द्यायचं?" हा आईचा हिशेब.

सोहळ्यात एक क्षण असा येतो की, व्रत घेणाऱ्या सिस्टर वेदीपुढे जमिनीवर पालथ्या पडतात आणि सगळं देऊळ संतांची नावं घेऊन त्यांच्यासाठी विनवणी करतं. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. धाकटी पडली मात्र, आई ताडकन उठली. "आगं बाई, पोरीला चक्कर आली! सकाळधरनं उपाशी आसंल!" शेजारच्या म्हाताऱ्या सिस्टरनं आईचा हात धरून तिला खाली बसवलं आणि विनवणी संपेपर्यंत तो हात सोडला नाही. वडील खिशातला रुमाल शोधत होते, आणि तो त्यांच्या हातातच होता.

मग धाकटीच्या बोटात अंगठी आली. ख्रिस्ताची वधू म्हणून. बाहेर मांडवात आईनं ती अंगठी उलटसुलट करून पाहिली. "म्हंजी येशू आमचा जावई?"

"हो," धाकटी हसली.

"मंग मतमाऊली तुझी सासू."

"झालीच की."

"म्हंजी माझी ईहीण." आईनं पिशवीतलं वर्तमानपत्र काढून तिच्या हातात दिलं. "ही घे. तुला चालत नसंल तर तुझ्या सासूला दे. ईहिणीचा मान द्यायचा ऱ्हायलाय माझा."

तेव्हापासून आईचं आणि मतमाऊलीचं नातं पार बदललं. आमच्याकडे दर सप्टेंबरात, ८ तारखेच्या मारियेच्या जन्मदिवसाच्या सुमारास, हरेगावला मतमाऊलीची यात्रा भरते. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून अलोट गर्दी लोटते, त्यात सगळ्या जातिधर्मांचे लोक असतात. पूर्वी आई तिथे हात जोडून जायची. आता ती पदर खोचून, व्याह्यांच्या घरी जावं तशी जाऊ लागली. मेणबत्ती लावायची आणि रोखठोक बोलायची : "औंदा पोरीला चार दिस बी धाडलं न्हाई. खोकला झाला म्हनं. तुमी बघता का न्हाई?" मागची रांग खोळंबायची. मी शरमेनं लांब उभा राहायचो. पण इतकी वर्षं मी जपमाळ ओढतो आहे, स्वर्गाशी एवढं घरोब्याचं बोलणं मला कधी जमलं नाही.

तिसऱ्या व्रताबद्दल, म्हणजे आज्ञापालनाबद्दल, मी फार बोलू नये. आमचा जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा. माझी एकदा श्रीरामपूरहून जामखेडला बदली झाली. ती थांबवण्यासाठी मी वडिलांचा दमा, आईचे गुडघे, मुलाची परीक्षा आणि एका पुढाऱ्याच्या मेहुण्याची ओळख एवढं सगळं वापरलं आणि श्रीरामपुरातच राहिलो. त्याच महिन्यात धाकटीला पत्र आलं. दुपारी आलं, दुसऱ्या दिवशी पहाटे ती पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.त बसली होती. मी म्हटलं, "अगं, निदान कारण तरी विचारायचं!" ती म्हणाली, "विचारते ना कधीकधी. पण ट्रंक भरता भरता विचारते."

या बदलीच्या गावी ऊसतोडणी कामगारांच्या मुलींचं बोर्डिंग होतं. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगावकडची माणसं बैलगाड्या जुंपून कारखान्यांच्या वाटेला लागतात ती उन्हाळ्यात परततात. बरोबर गेलेल्या पोरांची शाळा सुटते ती सुटतेच. म्हणून बोर्डिंग. तिथून दोन वर्षांनी धाकटीचं पत्र आलं : "आमच्या एका मुलीचं लग्न आहे. तिला आईवडील नाहीत. आईला घेऊन ये."

लग्न मुलीच्या चुलत्याच्या दारात, अक्षता टाकून. पाच-सहा बोर्डिंगच्या मुली आणि दोन पांढऱ्या साडीतल्या सिस्टर एवढीच मुलीची बाजू. नवरी बाहेर आली. आईनं डोळे बारीक केले, पुढे झाली आणि नवरीच्या पदराचा काठ दोन बोटांत धरला.

"ही साडी कुठली?"

धाकटी म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी दिली."

आई काही बोलली नाही. तिनं मुलीच्या निऱ्या नीट केल्या, पदर सारखा केला. मुलाकडच्या एका बाईनं विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?"

"आजी," आई म्हणाली.

पाठवणीच्या वेळी आई जी रडली, ते रडणं १९७८ पासून ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं होतं. नवरीनंच तिची समजूत काढली. परतताना एस.टी.त ती एवढंच म्हणाली, "भात कच्चा व्हता." त्या वर्षी हरेगावला मेणबत्ती लावताना तिनं विहीणबाईंकडे कसलीच तक्रार केली नाही. रांग भराभर पुढे सरकली.

आईच्या शेवटच्या दुखण्यात थोरली दोन दिवस आली आणि गेली. तिला घरची माणसं, म्हैस आणि सुनेचं बाळंतपण होतं. मी रजेचा अर्ज टाकून मंजुरीची वाट पाहत बसलो. जिला आम्ही गेलेली समजत होतो, ती तीन ओळींच्या चिठ्ठीवर परवानगी घेऊन आली आणि अकरा रात्री आईच्या उशाशी बसली. शेवटी शेवटी आई माणसं ओळखत नव्हती. पण धाकटीनं कपाळावर हात ठेवला की म्हणायची, "ईहीणबाई, पोर चांगली संभाळलीत हो."

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झालो. सत्कार झाला, शाल मिळाली, घड्याळ मिळालं. सिस्टर लोक रिटायर होत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. धाकटीनं पासष्टी ओलांडली आहे. माझ्या पत्त्यांच्या वहीत 'स' ची दोन पानं तिनं एकटीनं अडवली आहेत. सगळे पत्ते खोडलेले, शेवटचा तेवढा शाबूत. गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

"दादा, बदली झाली."

"या वयात? अगं, आता तरी नाही म्हण!"

"ट्रंक भरतेय," ती म्हणाली. मग जरा थांबून हसली. "आणि दादा, तिथे सायकल आहे म्हणतात."

"मग? मिळाली की शेवटी!"

"मिळाली. पण आता गुडघे नाहीत."

मी नवा पत्ता लिहून घेतला. पेन्सिलीनं.